दुर्लक्षित वनमुंगीची ओळख आणि नोंद : मुंबई इलाख्यातील मुंगी-अभ्यासाचा ऐतिहासिक आढावा (१८३५–१९०३)

सारांश :

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील मुंग्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा सुरू झाला, त्यातून पालापाचोळ्यात, झाडांच्या पानांत व जमिनीखाली राहणाऱ्या दुर्लक्षित जातींची ओळख कशी पटली आणि या नोंदींच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. कर्नल साइक्स, ई. एच. एटकेन, आर. सी. रॉटन, ऑगस्त फोरेल व सी. टी. बिंगहॅम यांचे कार्य अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. लालबाग-परळसारख्या गिरणगावातील महाविद्यालयांनी या परंपरेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचाही विचार समारोपात केला आहे.

बीजशब्द : मुंबई इलाखा, मुंगी-अभ्यास, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, वनखाते, नमुना, नामचिठ्ठी, लालबाग.

प्रस्तावना :

मुंगी हा मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा जीव आहे. मुक्ताबाईंच्या अभंगात तिला स्थान मिळाले, 'आयत्या बिळात नागोबा' या म्हणीमागे तिच्या वारुळाची पार्श्वभूमी आहे, आणि झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर किंवा पीठ घालण्याची प्रथा आजही अनेक घरांतून पाळली जाते. आपल्या भाषेत मुंगी, मुंगळा, डोंगळा, ओंबील अशी निरनिराळी नावेही आहेत. कोकणातील शेतकऱ्यास आंब्यावरच्या तांबड्या ओंबिलीचा स्वभाव कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असतो. असे असले तरी परिचय आणि नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या मुंग्या घरात येतात, चावतात किंवा धान्य नेतात त्यांना लोकभाषेने नावे दिली. ज्या पाचोळ्याखाली, वाळक्या फांदीत वा मातीच्या पोटात निमूटपणे राहतात त्यांना नावेच मिळाली नाहीत. अशा अनामिक मुंग्यांना प्रथम नाव कोणी दिले, कोणत्या भाषेत दिले आणि ते देताना काय गळून पडले, हा इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारावा असा प्रश्न आहे.

भारताच्या मुंग्यांची अद्ययावत सूची २०१६ मध्ये हिमेंदर भारती व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तीत १०० प्रजातींतील ८२८ जाती व उपजातींची नोंद आहे. (येथे 'जाती' व 'प्रजाती' हे शब्द जीवशास्त्रीय परिभाषेनुसार वापरले आहेत, अनेक जाती मिळून एक प्रजाती होते.) या सूचीच्या पायाशी असलेल्या नोंदींपैकी बऱ्याच जुन्या नोंदी मुंबई इलाख्यातील आहेत. तरीही मुंबईच्या सांस्कृतिक व सामाजिक इतिहासात या कार्याचा उल्लेख अभावानेच आढळतो.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१) मुंबई इलाख्यातील मुंगी-अभ्यासाच्या आरंभीच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
२) १८९० साली झालेल्या जातिनिश्चितीच्या तीन घटनांचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) वसाहतकालीन नोंदींतील उणिवा शोधणे.
४) गिरणगावातील महाविद्यालयांच्या संदर्भात या इतिहासाची उपयुक्तता तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखक इतिहासाचा अध्यापक असून कीटकशास्त्राचा तज्ज्ञ नाही. त्यामुळे जातींच्या वैधतेविषयी स्वतंत्र मत न देता आज सर्वमान्य असलेले वर्गीकरणच स्वीकारले आहे.

कर्नल साइक्स आणि पुण्याच्या मुंग्या :

मुंबई इलाख्यातील मुंग्यांच्या शास्त्रीय नोंदीचा आरंभ कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्यापासून मानावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील या अधिकाऱ्याची १८२४ मध्ये दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नियुक्ती झाली. पिके, पर्जन्यमान, लोकसंख्या, जमिनीची मालकी यांची माहिती गोळा करीत असतानाच त्यांनी पक्षी, मासे व कीटक यांच्याही नोंदी केल्या. राज्यकारभारासाठी केलेली मोजदाद आणि निसर्गाची मोजदाद या दोन्ही एकाच लेखणीने झाल्या, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात साइक्स यांनी भारतीय मुंग्यांच्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक जाती आज 'फायडोली प्रॉव्हिडन्स' या नावाने ओळखली जाते. ही मुंगी गवताचे बी साठविते आणि पावसाने भिजलेले बी बाहेर काढून उन्हात वाळविते, असे त्यांनी पुण्यात प्रत्यक्ष पाहिले होते. त्या काळी युरोपातील अनेक अभ्यासक मुंगी धान्य साठविते ही प्राचीन समजूत भ्रामक मानीत. थंड प्रदेशातील मुंग्या तसे करीत नाहीत, यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. पुण्याच्या मुंगीने तो निष्कर्ष एकदेशीय ठरविला. पुढे १८७३ मध्ये मॉग्रिज यांनी भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांवरून साइक्स यांच्या म्हणण्यास बळकटी दिली.

साइक्स यांनी वर्णिलेली दुसरी जाती 'क्रेमॅटोगॅस्टर किर्बी' ही होय. झाडाच्या फांदीवर शेणापासून कौलांसारखे एकावर एक थर रचून ती घरटे बांधते. तिसऱ्या जातीविषयी त्यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. मिठाई ठेवलेल्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवूनही मुंग्या मिठाईवर येतच राहिल्या; तेव्हा त्या भिंतीवर चढून वरून खाली मेजावर उडी टाकतात असे त्यांच्या ध्यानात आले. ज्या घरात पिंपाखाली व कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या जात, त्या घरातील कोणाही गृहिणीस या हकिकतीचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की साइक्स यांनी ती लिहून ठेवली.

मात्र साइक्स यांच्या सर्व नोंदी डोळ्यांना सहज दिसणाऱ्या मुंग्यांच्या होत्या. घरात, अंगणात, उघड्या माळावर व फांदीवर त्या आढळल्या. पाचोळ्यातील व मातीतील सूक्ष्म मुंग्यांपर्यंत पोहोचण्यास आणखी अर्धशतक जावे लागले.

भायखळ्याची बैठक :

मध्यंतरी मुंबई शहराचे स्वरूप पालटले. १८६२ मध्ये भायखळ्यास राणीचा बाग खुला झाला आणि १८७२ मध्ये त्याच परिसरात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची इमारत उभी राहिली. आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. याच संग्रहालयात १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ व्यक्ती एकत्र आल्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. लालबागच्या रहिवाशाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर ही घटना घडली.

या आठांमध्ये दोन मराठी गृहस्थ होते. पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक व मुंबईतील औषधी द्रव्यांवरील ग्रंथाचे कर्ते. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनही ते इतिहासास परिचित आहेत. डॉ. सखाराम अर्जुन यांचे १८८५ मध्ये निधन झाले आणि सोसायटीचे नियतकालिक १८८६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्या नियतकालिकात त्यांना लिहिण्याची संधी मिळाली असती तर स्थानिक नावे व स्थानिक ज्ञान यांना काही अधिक स्थान लाभले असते काय, हा तर्काचा विषय आहे. प्रत्यक्षात पुढील काही दशके मुंग्यांविषयीचे लेखन इंग्रज अधिकारी व युरोपीय पंडित यांच्याच हाती राहिले.

संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे साताऱ्यास १८५१ मध्ये जन्मलेले व मुंबई-पुण्यात शिकलेले. काही काळ त्यांनी डेक्कन कॉलेजात लॅटिनचे अध्यापन केले आणि पुढे ते जकात व मीठ खात्यात गेले. 'ईहा' या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली विनोदी निसर्गवर्णने लोकप्रिय झाली. कारवार भागात नोकरीवर असताना त्यांनी मुंग्याही जमविल्या. १९०१ मध्ये फोरेल यांनी एका जातीस 'एनिक्टस एटकेनी' हे नाव दिले ते त्यांच्यावरूनच.

रॉटन आणि फोरेल :

या अभ्यासाला खरी गती दिली ती रॉबर्ट चार्ल्स रॉटन (१८४९–१९२१) यांनी. ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी होते. नोकरीनिमित्त जंगलात फिरताना ते मुंग्या गोळा करीत आणि मद्यार्कात जतन करून स्वित्झर्लंडला ऑगस्त फोरेल यांच्याकडे पाठवीत. फोरेल (१८४८–१९३१) हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ असले तरी मुंग्यांचे त्या काळातील अग्रगण्य अभ्यासक होते. पुढे स्वित्झर्लंडने आपल्या एक हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांची प्रतिमा छापली.

१८९२ मध्ये रॉटन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स', म्हणजे 'आपल्या मुंग्या', ही लेखमाला लिहिली. मुंगीच्या शरीराची रचना, राणी, नर व कामकरी यांतील भेद आणि जातिनिश्चितीसाठी आवश्यक लक्षणे त्यांनी सोप्या भाषेत समजावून दिली. सभासदांनी नमुने जमवावेत हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी फोरेल यांची भारत व श्रीलंकेतील मुंग्यांवरील मोठी लेखमाला त्याच नियतकालिकात सुरू झाली व १९०३ पर्यंत तिचे दहा भाग निघाले. ही लेखमाला फ्रेंच भाषेत होती. मुंबईत छापल्या जाणाऱ्या इंग्रजी नियतकालिकात फ्रेंच मजकूर पानोपानी प्रसिद्ध होत होता, ही बाब या विषयाचा वाचकवर्ग कोण होता हे पुरेसे स्पष्ट करते.

१८९० : तीन ओळखी

दुर्लक्षित मुंगीची ओळख पटविणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी फोरेल यांचा १८९० चा एक छोटा लेख महत्त्वाचा ठरतो. बेल्जियमच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच 'रॉटन यांचा शोध' असा उल्लेख आहे. या लेखातील तीन गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिली गोष्ट 'एनिक्टस' या प्रजातीची. १८४० मध्ये शकर्ड यांनी पंख असलेल्या काही नरांवरून 'एनिक्टस' ही प्रजाती स्थापन केली. या नरांचे शरीर गांधीलमाशीसारखे लांबट असते व रात्री ते दिव्याकडे झेपावतात. १८५७ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी वॉलेस यांनी बोर्निओतील सारावाक येथून आणलेल्या संग्रहातील काही आंधळ्या कामकरी मुंग्यांवरून 'टायफ्लाटा' ही प्रजाती स्थापन केली. दिव्यावर येणारा मोठा पंखधारी नर आणि पाचोळ्याखालून रांगेने जाणारी इवलीशी नेत्रहीन कामकरी मुंगी यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. त्यामुळे एकाच समाजाचे घटक ग्रंथांत दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या ठिकाणी नांदत राहिले. रॉटन यांना मुंबई इलाख्यात नर आणि कामकरी एकत्र सापडले, आणि 'एनिक्टस' व 'टायफ्लाटा' एकच असल्याचे सिद्ध झाले. नियमानुसार आधीचे नाव कायम राहिले. या शोधातील एका जातीस 'एनिक्टस रॉटोनी' असे नाव मिळाले.

येथे संग्रहालय आणि क्षेत्र यांतील फरक स्पष्ट होतो. लंडनच्या कपाटात कितीही नमुने साठले असते तरी हा प्रश्न सुटला नसता, कारण नर व कामकरी वेगवेगळ्या पेट्यांतून तेथे पोहोचत होते. उत्तर त्यांच्या एकत्र असण्यात होते आणि ते फक्त जमिनीवर वाकून पाहणाऱ्यालाच मिळू शकत होते.

दुसरी गोष्ट पुण्याहून पाठविलेल्या एका सूक्ष्म मुंगीची. फोरेल यांनी तिला बोलोन्याचे मुंगी-अभ्यासक कार्लो एमरी यांच्या सन्मानार्थ 'एमेरिया' ही नवी प्रजाती आणि रॉटन यांच्यावरून 'रॉटोनी' हे जातिनाम दिले. मुंग्यांचे नर सामान्यतः पंखधारी व अल्पायुषी असतात. हिचे काही नर मात्र पंखहीन व कामकरी मुंगीसारखे दिसणारे होते. या विलक्षणपणामुळेच नवी प्रजाती करावीशी वाटली. पुढे ही मुंगी आधीच ज्ञात असलेल्या 'कार्डिओकॉन्डिला' या प्रजातीतील असल्याचे मान्य झाले आणि आज ती 'कार्डिओकॉन्डिला रॉटोनी' म्हणून ओळखली जाते.

पंखहीन नरांचे रहस्य उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९८७ मध्ये जपानमधील व उत्तर अमेरिकेतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की हे नर घरट्यातच राहतात आणि विळ्यासारख्या जबड्यांनी प्रतिस्पर्धी नरांना ठार मारतात. दरम्यान आणखी एक गुंता निर्माण झाला होता. व्हीलर यांनी १९२९ मध्ये 'रॉटोनी'चा एक उपप्रकार म्हणून वर्णिलेली 'ऑब्स्क्युरिअर' ही मुंगी दीर्घकाळ तिच्याशी एकरूप मानली गेली. २००३ मध्ये जर्मन अभ्यासक झाइफर्ट यांनी सूक्ष्म मापनांच्या आधारे त्या दोन स्वतंत्र जाती असल्याचे प्रतिपादन केले. माणसाच्या व्यापाराबरोबर या मुंग्या जगभर पसरल्या आहेत. जिचे पहिले शास्त्रीय वर्णन पुण्याच्या नमुन्यांवरून झाले, तिच्या वर्तनावरील प्रसिद्ध संशोधन मुख्यत्वे परदेशी प्रयोगशाळांतून झाले, ही वस्तुस्थिती आपल्याला विचार करावयास लावणारी आहे.

तिसरी गोष्ट वनातील पाचोळ्यात राहणाऱ्या एका पिवळसर मुंगीची. तिच्या धडाच्या मागील भागावरील दोन काटे वर व पुढे वळलेले असतात. बहुतेक काटेरी मुंग्यांचे काटे मागे झुकतात. त्यामुळे हे लक्षण भिंगाखाली लगेच उठून दिसते, भिंगावाचून मात्र मुळीच दिसत नाही. फोरेल यांनी तिच्यासाठी 'ट्रायगोनोगॅस्टर' ही प्रजाती स्थापन केली व वळलेल्या काट्यांवरून 'रिकर्व्हिस्पिनोसा' असे जातिनाम दिले. एक शतकानंतर, १९९२ मध्ये, ब्रिटिश अभ्यासक बॅरी बोल्टन यांनी पहिले प्रजातिनाम नियमात बसत नसल्याने त्याऐवजी 'रिकर्व्हिड्रिस' हे नाव दिले. जंगलात पाचोळा चाळला असता सापडू शकणाऱ्या या मुंगीस मराठीत आजही नाव नाही.

या तीन उदाहरणांवरून दुर्लक्षाचे तीन प्रकार ध्यानात येतात. एकाच जीवाची रूपे वेगळी समजली गेल्याने झालेले दुर्लक्ष, दोन जीव एकच समजले गेल्याने झालेले दुर्लक्ष आणि आकार व निवासस्थान यांमुळे मुळात दृष्टीसच न पडल्याने झालेले दुर्लक्ष. ओळख पटविणे म्हणजे यांपैकी एकेक पडदा दूर करणे होय. आज्ञापत्रे, मोडी कागद व शिलालेख हाताळणाऱ्या इतिहासकाराला हे काम परके वाटू नये. एकाच व्यक्तीचे दोन नावांनी झालेले उल्लेख जोडणे, एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या करणे आणि कागदात न आलेल्यांचा शोध घेणे, हेच तर तो करीत असतो.

बिंगहॅम यांचा ग्रंथ :

विखुरलेल्या या सर्व नोंदी एकत्र करण्याचे काम चार्ल्स थॉमस बिंगहॅम (१८४८–१९०८) यांनी केले. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले होते; सैन्यात नोकरी केल्यानंतर ते ब्रह्मदेशात वनसंरक्षक झाले. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्यांचा मुंग्यांवरील खंड १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. फोरेल यांची फ्रेंच वर्णने यामुळे इंग्रजी वाचकांच्या आवाक्यात आली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, अनेक नावे बदलली, तरी भारतातील मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्यास हा ग्रंथ अद्याप उघडावा लागतो.

नोंदींतील उणिवा :

या कार्याचे मोल मान्य करूनही त्याच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा सत्तेच्या संदर्भातील आहे. रॉटन ज्या वनखात्याचे अधिकारी होते त्याच खात्याच्या निर्बंधांनी ठाणे व कुलाबा भागातील रयत त्रस्त झाली होती. १८७८ च्या वनकायद्यानंतर तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. पाचोळा व राब यांसाठी झाडांच्या फांद्या तोडण्यावरून ज्यांना जाब विचारला जात होता, त्यांच्याच रानातील पाचोळ्याखालची मुंगी युरोपला जात होती. संग्राहकाच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणाविषयी यात शंका नाही. परंतु रानात मोकळेपणी फिरण्याची मुभा कोणाला होती, हे विसरून या इतिहासाचे आकलन पूर्ण होत नाही.

दुसरी मर्यादा नावांची आहे. जातींना फोरेल यांच्या स्नेह्यांची व संग्राहक अधिकाऱ्यांची नावे मिळाली. वनखात्याचा साहेब रानात एकटा जात नसे. बरोबर रखवालदार, शिपाई व वाटाडे असत. घरटे कोणी दाखविले, फांदी कोणी चिरली, याचा उल्लेख जातिवर्णनात येत नाही. 'आपल्या मुंग्या' या शीर्षकातील 'आपल्या' हा शब्द सोसायटीच्या सभासदांपुरता होता.

तिसरी मर्यादा स्थळाची आहे. 'पूना', 'कॅनरा' एवढ्याच स्थळनिर्देशावर त्या काळी काम भागत असे. परंतु आज पुण्याच्या नेमक्या कोणत्या बागेतून वा टेकडीवरून 'रॉटोनी' मिळाली, हे शोधून तेथे परत जाणे शक्य होत नाही. शहर वाढले, रान मागे हटले. नोंदीतील एक शब्द तेवढा शिल्लक राहिला.

लालबागमधील एक अनुभव :

या मर्यादा आपण ओलांडल्या आहेत असे मानण्याचे कारण नाही, हे स्वतःच्या अनुभवावरून नमूद करतो. लालबाग, काळाचौकी व चिंचपोकळी परिसरातील आमच्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचा प्रकल्प देताना एका वर्षी चाळी, गिरण्या व गणेशोत्सव या नेहमीच्या विषयांबरोबर परिसरातील झाडे व मुंग्या यांच्या नोंदी करण्यास सांगितले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींतून पिंपळ व उंबर रुजले, त्यांच्या तळाशी वर्षानुवर्षांचा पाचोळा साठला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती पडीक जागा होती. आम्हाला तेथे काही मिळेल असे वाटले.

विद्यार्थ्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून नमुने आणले. बहुतेक नेहमीचे मुंगळे व साखरेच्या डब्यावर येणाऱ्या मुंग्या होत्या. एका बाटलीत मात्र तीन-चार अगदी लहान, पिवळसर मुंग्या होत्या. प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्याने त्या भिंगाखाली ठेवल्या तेव्हा पाठीवर काटे दिसले. परंतु नमुने हाताळताना मोडले होते व काट्यांचा बाक निश्चित सांगता येईना. नवे नमुने आणावेत म्हणून बाटलीवरील चिठ्ठी पाहिली, तर तीवर फक्त 'लालबाग' असे लिहिले होते. दिनांक नव्हता, झाड नव्हते, भिंत कोणती तेही नव्हते. दोन विद्यार्थ्यांना ती बाटली आपलीच वाटत होती आणि दोघांनी सांगितलेल्या जागा वेगळ्या होत्या. पावसाळ्यानंतर आम्ही दोन्ही ठिकाणी गेलो. एका ठिकाणी बांधकामासाठी पत्रे उभारले गेले होते व झाड तोडलेले होते. दुसऱ्या ठिकाणी पाचोळा चाळूनही ती मुंगी मिळाली नाही.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. चिठ्ठीवर काय लिहावयाचे हे मी त्यांना सांगितले नव्हते. ज्या अध्यापकाने वर्गात रॉटन यांच्या 'पूना' या मोघम स्थळनिर्देशावर टीका केली, त्याच्याच देखरेखीखाली सव्वाशे वर्षांनी 'लालबाग' एवढीच चिठ्ठी तयार झाली. ती मुंगी कोणती होती, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून तिचे नाव या लेखात देत नाही. नोंद अपुरी असेल तर ओळख सांगण्याचा अधिकार उरत नाही, हा धडा मात्र पक्का झाला.

त्या प्रकल्पात एका विद्यार्थिनीने लिहिलेले एक वाक्य येथे सांगणे उचित होईल. तिच्या आजोबांनी गिरणीत काम केले होते. पाळीवर जाताना ते फाटकाजवळच्या पिंपळाखाली मुंग्यांना चिमूटभर साखर घालीत, असे आजीने तिला सांगितले होते. प्रकल्पाच्या तक्त्यात या माहितीसाठी रकाना नव्हता, म्हणून तिने ती समासात लिहिली होती. पुढील वर्षीपासून आम्ही तक्त्यात 'स्थानिक नाव व समजुती' असा रकाना ठेवला.

अभ्यासाची सद्यःस्थिती :

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्राने पश्चिम भारतातील प्राणिसृष्टीच्या नोंदींना संस्थात्मक आधार दिला. २००६ मध्ये अजय नरेंद्र व सुनील कुमार यांनी द्वीपकल्पीय भारतातील मुंग्यांवर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यामुळे सामान्य वाचकालाही प्रजाती ओळखणे सुलभ झाले. २०२० मध्ये बैद्य व बागची यांनी गोव्यातून 'प्रोटॅनिला फ्लामा' ही नवी जाती वर्णिली. जमिनीखाली राहणाऱ्या या मुंगीची नोंद इतक्या उशिरा व्हावी, यावरून कोकणपट्टीच्या मातीत अद्याप किती जीव अनामिक असतील याची कल्पना येते. संशोधन आता भारतीय अभ्यासकांच्या हाती आहे; मात्र त्याची भाषा अजूनही मराठी झालेली नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मुंबई इलाखा हा भारतातील मुंगी-अभ्यासाचे एक महत्त्वाचे आरंभस्थान होता आणि त्याची संस्थात्मक पायाभरणी लालबागच्या शेजारी, भायखळ्यास झाली.

२) १८९० मधील तीन ओळखी या क्षेत्रीय निरीक्षण व संग्रहालयीन अभ्यास यांच्या सहकार्यातून शक्य झाल्या. दोहोंपैकी एकानेच त्या साध्य झाल्या नसत्या.

३) नाव देणे ही शेवटची पायरी नाही. 'एमेरिया', 'टायफ्लाटा', 'ट्रायगोनोगॅस्टर' ही तीनही प्रजातिनामे आज वापरात नाहीत. टिकून राहिले ते नमुने व त्यांसोबतची माहिती. म्हणून नावापेक्षा नोंदीची काळजी अधिक घ्यावयास हवी.

४) स्थानिक साहाय्यक, स्थानिक नावे व नेमके स्थळ या तीन गोष्टी वसाहतकालीन नोंदींतून गळाल्या. त्या भरून काढण्याची जबाबदारी स्थानिक महाविद्यालयांची आहे.

या दृष्टीने एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयांतून इतिहास, मराठी व प्राणिशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असूनही परस्परांच्या कामास फारसे येत नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या आवारातील व परिसरातील मुंग्यांची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, झाड, भिंत वा गल्लीचे नाव, पाहणाऱ्याचे पूर्ण नाव आणि स्थानिक नाव एवढी माहिती असावी. नमुना कोणी आणला व जागा कोणी दाखविली, हे दोन्ही लिहिले जावे. जातीचे नाव लगेच कळले नाही तरी हरकत नाही. तो रकाना रिकामा ठेवावा. पुढे एखादा तज्ज्ञ तो भरू शकेल, परंतु आज न लिहिलेला दिनांक पुढे कोणालाही भरता येणार नाही.

गिरणगावाचा इतिहास लिहिताना आपण बंद पडलेल्या गिरण्या व विस्थापित झालेली माणसे यांच्याविषयी लिहितो, आणि ते आवश्यकच आहे. त्याच भिंतींच्या आडोशाला चाळीस वर्षे उगवलेले रान आता नव्या बांधकामाखाली जात आहे. त्यात काय होते, हे विचारणारा पुढील काळातील अभ्यासक आपल्याच कागदपत्रांकडे वळेल. त्याच्या हाती किमान जागेचे व दिवसाचे नाव असलेली चिठ्ठी पडावी, इतकी अपेक्षा आपल्याकडून गैर ठरू नये.